हवाईयन भाषेतले निसर्गाचे शब्द टिकत का नाहीत, आणि मराठी माणसाने ते कुठून धरावेत

तुम्ही विचारलंय की हवाईयन भाषेतले रोजचे आणि निसर्गाचे शब्द एका बाजूला, त्यांचे मराठी अर्थ दुसऱ्या बाजूला, अशी यादी करून पाठ केले तरी ते टिकत नाहीत. एकाच माशाला तीन-चार नावं दिसतात, ‘माझा’ म्हणायला दोन वेगळी रूपं दिसतात, आणि गोंधळ वाढतच जातो. तर मराठी माणसाने सुरुवात कुठून करावी?

मी ही भाषा बरीच वर्षं शिकते आहे आणि नवशिक्यांना शिकवतेही. माझं पहिलं सांगणं हेच की ती दोन रकान्यांची यादी बाजूला ठेवा. या भाषेतला निसर्गाचा शब्द नुसत्या वस्तूचं नाव नसतो. ती वस्तू बेटावर कुठल्या बाजूला आहे, कोणत्या अवस्थेत आहे आणि तुमचं तिच्याशी नातं काय, यांतलं काही ना काही तो शब्द सांगत असतो. यादी करताना नेमकं तेच गळून पडतं आणि हाती उरतो तो नुसता आवाज.

आधी त्या आवाजाबद्दल थोडं. हवाईयनमध्ये व्यंजनं फक्त आठ आणि स्वर पाच. जोडाक्षर नाही, आणि प्रत्येक शब्द स्वरातच संपतो. आठवं व्यंजन म्हणजे ’ओकिना, घशात क्षणभर अडवलेला श्वास. इथे मी ते ’ या खुणेने दाखवलं आहे. ते गाळलं की शब्दच बदलतो: पाउ म्हणजे संपलं, पा’उ म्हणजे काजळी, पा’ऊ म्हणजे दमट. स्वरांचं ऱ्हस्व-दीर्घही असंच अर्थ बदलणारं आहे. देवनागरीत ते पूर्ण दाखवता येत नाही, म्हणून शब्दकोशात बघून घ्या. हे अडवलेलं व्यंजन आलं कुठून, ते कळलं की लक्षात ठेवणं सोपं जातं. न्यूझीलंडच्या माओरी भाषेत मासा म्हणजे इका, होडी म्हणजे वाका. हवाईत तेच शब्द इ’आ आणि वा’आ झाले. जुना क घशात विरला, आणि रिकाम्या झालेल्या क च्या जागी जुना त आला: तारो (अळू) चा कालो झाला, तापू (निषिद्ध) चा कापु, तांगाता (माणूस) चा कानाका. नी’इहाउ बेटावरच्या बोलीत हा त आजही ऐकू येतो.

आता शब्दांकडे. सुरुवात दिशांपासून करा, कारण बाकीचं सगळं त्यांच्यावर उभं आहे. माउका म्हणजे डोंगराकडे, माकाइ म्हणजे समुद्राकडे. होनोलुलुत रस्ता सांगताना इंग्रजी बोलणारी माणसंही आज हेच दोन शब्द वापरतात. पूर्व-पश्चिमेला शब्द आहेतच. हिकिना म्हणजे सूर्याचं येणं आणि कोमोहाना म्हणजे त्याचं आत शिरणं, आपल्या उगवती-मावळतीसारखेच. पण गोल बेटावर ते रोजच्या कामाला फारसे येत नाहीत. कोकणातल्या वाचकाला वलाटी आणि खलाटी हे शब्द माहीत असतील. माउका-माकाइची जाण त्याला चटकन येते. जुनी जमीनव्यवस्थाही याच रेषेवर होती. आहुपुआ’आ म्हणजे डोंगराच्या धारेपासून प्रवाळाच्या कडेपर्यंत उतरत आलेला जमिनीचा पट्टा. वरचं लाकूड, मधली शेती आणि खालचे मासे, सगळं त्या एका पट्ट्यात.

त्या पट्ट्यातून वाहतं ते वाइ, म्हणजे गोडं पाणी. समुद्र किंवा समुद्राचं पाणी म्हणजे काइ. हे दोन शब्द कधी एकमेकांच्या जागी येत नाहीत. अश्रू म्हणजे वाइमाका, यात माका म्हणजे डोळा. दूध म्हणजे वाइऊ, यात ऊ म्हणजे स्तन. आणि वाइवाइ म्हणजे संपत्ती. नकाशावर वाइकीकी, वाइमेआ, वाइलुकु, वाइ’आनाए अशी नावं दिसली की तिथे कुठेतरी ओढा, झरा, पाणथळ होती किंवा आहे, हे समजून घ्या. वाइकीकी आज हॉटेलांची रांग आहे, पण ती एकेकाळची पाणथळ शेतीची जागा. आला वाइ कालवा १९२० च्या दशकात खणला गेला आणि ती पाणथळ कोरडी पडली. नावात मात्र पाणी राहिलं.

पावसाच्या शब्दांवर मी थोडी जास्त थांबते, कारण मराठी माणसाची इथे खरी तयारी आहे आणि नेमका इथेच तो अडखळतो. आपल्याकडे पावसाची नावं काळाची आहेत: वळीव, मृगाचा पाऊस, मघांचा, हस्ताचा. पाऊस केव्हा येणार हाच आपला प्रश्न असतो, म्हणून भाषेने नक्षत्रं धरली. हवाईत ईशान्येकडून येणारे व्यापारी वारे वर्षाचा बराच काळ वाहतात आणि डोंगरांना अडून पाऊस पाडतात. तिथला प्रश्न केव्हा हा नसून कुठे हा आहे. काउआ’इ बेटावरचा वाइ’आले’आले डोंगर जगातल्या अतिपावसाच्या ठिकाणांपैकी एक, आणि त्याच बेटाचा पश्चिम किनारा कोरडा. महाबळेश्वराकडून माणदेशाकडे जाताना जो बदल दिसतो तो तिथे त्याहून कमी अंतरात दिसतो. म्हणून तिथे पावसाला जागेची नावं आहेत: हिलोचा कानिलेहुआ, मानोआ खोऱ्यातला तुआहिने, होनोलुलुचा कूकालाहाले, हवाई बेटावरच्या वाइमेआचा बोचरा कीपु’उपु’उ. अशी शेकडो नावं नोंदलेली आहेत, आणि वाऱ्यांचीही तितकीच. जुन्या गाण्यात पावसाचं नाव आलं की गाव सांगावंच लागत नाही. पाऊस या अर्थाचा साधा शब्द उआ आहे. तो शिका, पण त्याच्यासोबत एक गाव आणि त्या गावाचा एक पाऊस हेही शिका.

वाऱ्याची बाजू सांगणारे दोन शब्दही इथेच घ्या. को’ओलाउ म्हणजे वाऱ्याकडची, ओली बाजू, आणि कोना म्हणजे आडोशाची बाजू. दक्षिणेकडच्या पॉलिनेशियन, म्हणजे पॅसिफिक बेटांवरच्या हवाईयनच्या बहिणी असलेल्या, भाषांत यांचेच भाऊबंद तोकेलाउ आणि तोंगा. ती आज दोन द्वीपसमूहांची नावं म्हणून जगाला ठाऊक आहेत.

आता झाडं. इथे तर तुम्हाला निम्मं आधीच येतं, फक्त तुम्हाला ते माहीत नाही. सुमारे हजार वर्षांपूर्वी पॉलिनेशियन लोक जोडहोड्यांमधून हवाईत आले तेव्हा त्यांनी रोपं, कंद, बिया बरोबर आणल्या. त्यांतली बरीचशी झाडं कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावरही आहेत. कालो म्हणजे अळू. ’उलु म्हणजे नीरफणस, ज्याचे काप आपण तव्यावर परततो. को म्हणजे ऊस, माइ’आ केळं, निउ नारळ, ’ओलेना म्हणजे हळद, उहि म्हणजे कोनफळ, नोनी म्हणजे बारतोंडी. इपु म्हणजे दुधीच्या जातीचा तो कडक कवचाचा तुंबा, जो पाणी साठवायला आणि ताल धरायला वापरतात. कामानी म्हणजे उंडी. उंडीचं तेल दिव्यांना आणि होड्यांना वापरणारी पिढी कोकणात अजून आहे. हाला केवड्याच्या कुळातलं झाड, पण आपण केवड्याचं कणीस हुंगतो आणि ते पान विणतात. लाउ म्हणजे पान, म्हणून लाउहाला म्हणजे त्या पानांच्या चटया, टोपल्या, टोप्या. सुगंधी नरफुलाला वेगळा शब्द आहे, हीनानो. कुकुइ म्हणजे जंगली अक्रोड. त्याचे तेलकट गर काडीला ओवून जाळत, म्हणून कुकुइचा दुसरा अर्थ दिवा. हे शब्द मराठी अर्थासमोर लिहून पाठ करण्यापेक्षा झाडासमोर उभं राहून म्हणा. उंडीखाली उभं राहून कामानी म्हटलेलं विसरायला होत नाही.

यांतल्या एकाच झाडाशी महिनाभर राहायचं म्हटलं तर मी कालो सांगेन. सगळ्या भाषेची किल्ली तिथे आहे. कथा अशी सांगतात: आकाशपिता वाकेआ आणि हो’ओहोकूकालानी यांचं पहिलं मूल मृत जन्मलं. ते पुरलं तिथे कालो उगवला. दुसरं मूल जगलं, त्याचं नाव हालोआ, आणि माणसं त्याच्या वंशातली. म्हणजे अळू हा थोरला भाऊ आहे. तो धाकट्याला खाऊ घालतो आणि धाकटा त्याची निगा राखतो. म्हणूनच पोइचं, म्हणजे उकडून कुटून पाणी घातलेल्या कालोचं, भांडं उघडं असताना घरात भांडायचं नाही असा रिवाज आहे.

झाडाच्या भागांची नावं बघा. मुख्य गड्डा तो माकुआ, आणि माकुआ म्हणजे आईवडिलांच्या पिढीचं माणूसही. बाजूला फुटणाऱ्या अळकुड्या त्या ’ओहा, आणि त्यावरूनच ’ओहाना, म्हणजे कुटुंब. पानाला देठ जोडतो त्या बिंदूला पिको म्हणतात, आणि पिको म्हणजे बेंबी, नाळ. देठ तो हा. कोवळं शिजवायचं पान ते लू’आउ. ज्या मेजवानीला पर्यटक लू’आउ म्हणतात तिचं नाव त्या पानाच्या पदार्थावरून पडलं, जुना शब्द पा’इना किंवा ’आहा’आइना. लावणीसाठी गड्ड्याचा वरचा काप देठासकट ठेवतात, तो हुलि. पाणी खेळवलेलं खाचर ते लो’इ. आणि कच्च्या अळूने घसा खवखवतो त्यासाठी शब्द आहे माने’ओ, खाज. आपल्याकडे अळवात चिंच किंवा कोकम घालतात. तिथे भरपूर वेळ शिजवण्यावर भर असतो. कारण एकच, पानातले कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक.

एका झाडातून तुम्हाला आईवडील, कुटुंब, नाळ, शेत, लावणी, मेजवानी आणि खाज इतके शब्द मिळाले. ते एकमेकांना धरून आहेत, म्हणून टिकतात.

समुद्राकडे उतरलं की तुमची ती तीन-चार नावांची अडचण येते. बोय मासा घ्या. बोटभर पिल्लू पुआ’आमा, हाताएवढं झालं की काहाहा, त्याहून वाढलं की ’आमा’आमा, आणि फूटभर किंवा वर गेलं की ’आनाए. ही समानार्थी नावं नव्हेत, अवस्था आहेत. आपण मोहर, कैरी, पाड, आंबा म्हणतो, किंवा शहाळं आणि नारळ वेगळे मानतो, त्यातलंच हे. ज्याच्यावर पोट चालतं त्याच्या वाढीचा प्रत्येक टप्पा भाषेला मोजावा लागतो. किनाऱ्यालगत दगडी बांध घालून केलेल्या मत्स्यतळ्याला लोको इ’आ म्हणतात. बांधातल्या जाळीदार दाराला माकाहा म्हणतात. त्या फटींतून पुआ, म्हणजे माशाचं पिल्लू, आत येतो, आत खाऊन वाढतो, आणि मग त्याच फटीतून बाहेर जाऊ शकत नाही. ओ’आहु बेटावरचं हे’एइआ इथलं तळं सुमारे ८८ एकरांचं आहे आणि आजही त्याचा बांध दुरुस्त केला जातो. कोणता मासा सोडायचा, कोणता ठेवायचा, कोणता ताटात घ्यायचा, हे नाव घेताच ठरतं. मोइ नावाचा मासा आपल्या रावसाच्या कुळातला, एके काळी सरदारांसाठी राखलेला. त्याच्या पिल्लांनाही अशीच वेगळी नावं. आणि पापिओ मोठा झाला की उलुआ होतो. मच्छीबाजारात या नावांवरून अजून वाद होतात.

मासे आणि अळू मोजायची पद्धतही वेगळी होती: चारच्या पटीत. चार म्हणजे काउना, चाळीस का’आउ, चारशे लाउ, चार हजार मानो. दहाच्या पटीतले आजचे शब्द रूढ झाले ते १८२० नंतर, मिशनरी शाळांबरोबर. ज्यांनी कोडीने मोजलेलं पाहिलंय त्यांना हे नवल वाटणार नाही.

चंद्राच्या बाबतीत तर तुम्ही घरीच आहात. महिन्याच्या तीस रात्रींना तीस नावं, दहा-दहा रात्रींचे तीन भाग, प्रत्येकाला आनाहुलु म्हणतात. हिलो ही पहिली, बारीक कोरीची रात्र, आणि मुकु ही शेवटची, चंद्र दिसेनासा होण्याची. पौर्णिमेच्या आसपास आकुआ, होकु, माहेआलानी. सातवीपासून दहावीपर्यंत ’ओले या शब्दाने सुरू होणाऱ्या रात्री येतात आणि वद्य पक्षात पुन्हा. ’ओले म्हणजे नाही, आणि त्या रात्री लावणी-मासेमारीला बऱ्या समजत नाहीत. किनाऱ्यावरच्या कोळ्यांना भांगाचे दिवस ठाऊक असतात, सप्तमी-अष्टमीचे, जेव्हा भरती-ओहोटीला जोर नसतो. दोन्हींच्या मागे समुद्र तोच आहे. आमच्या वर्गात मी सांगते की महिनाभर दिनदर्शिकेवर तिथीच्या शेजारी हवाईयन रात्रीचं नाव लिहा आणि संध्याकाळी बाहेर जाऊन चंद्र बघून ते म्हणा. तिथी आणि रात्र एखाद्या दिवसाने पुढेमागे होतात. डोळ्यांनी बघितलेलं खरं धरा.

ताऱ्यांतलेही तीन शब्द तुमच्या ओळखीच्या ताऱ्यांचे आहेत. कृत्तिका म्हणजे माकालि’इ. त्या सूर्यास्ताला उगवू लागल्या की नोव्हेंबरच्या सुमारास माकाहिकीचा, म्हणजे नव्या वर्षाच्या सणाचा, काळ सुरू होतो. व्याध म्हणजे ’आ’आ. आणि स्वाती म्हणजे होकूले’आ. स्वाती हवाईच्या डोक्यावरून जाते म्हणून जुने दर्यावर्दी तिच्यावरून बेटाचं अक्षांश ओळखत. १९७६ मध्ये याच नावाची जोडहोडी मायक्रोनेशियातले दर्यावर्दी माउ पिआइलुग यांनी कुठलंही यंत्र न वापरता ताहितीला नेली. मुंबईचं अक्षांशही जवळपास तेच, १९ अंश उत्तर. उन्हाळ्यातल्या रात्री मुंबईत सरळ डोक्यावर जो नारिंगी तारा दिसतो तो तोच.

लाव्हारसाचे दोन शब्द तर महाराष्ट्रातल्या भूशास्त्राच्या विद्यार्थ्यांना आधीच येतात. गुळगुळीत, दोरखंडासारख्या वळ्या पडलेला तो पाहोएहोए आणि खडबडीत, पायाला कापणारा तो आ’आ, पहिला स्वर घशातून अडवून: ’आ’आ. हे शब्द क्लॅरेन्स डटन यांनी १८८० च्या दशकात शास्त्रीय लेखनात रुजवले आणि सह्याद्रीतल्या बेसाल्टच्या थरांचं वर्णन आज त्याच शब्दांत होतं.

राहिला तुमच्या दोन ‘माझा’चा प्रश्न. का’उ आणि को’उ यांतला फरक व्याकरणाचा वाटतो, पण तो नात्याचा आहे. जे तुम्ही मिळवता, करता, निवडता ते का’उ: पुस्तक, काम, जेवण, नवरा किंवा बायको, मूल. जे तुम्हाला आधीपासून लाभलेलं असतं किंवा ज्याच्या आत तुम्ही असता ते को’उ: आईवडील, भावंडं, शरीर, नाव, जमीन, घर, होडी, अंगावरचे कपडे. मूल का’उ आणि आई को’उ, कारण मूल तुमच्यामुळे आहे आणि तुम्ही आईमुळे. जमीन को’उ मध्ये बसते, हे मला या भाषेतलं सर्वांत महत्त्वाचं वाक्य वाटतं. म्हणून नाम कधीही एकटं शिकू नका, ‘माझं’ जोडूनच शिका: को’उ हाले, माझं घर, का’उ पुके, माझं पुस्तक.

‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांचा भेद मात्र तुम्हाला कुणी शिकवायला नको. इंग्रजी बोलणारे विद्यार्थी यावर फार काळ अडतात. काकोउ म्हणजे आपण सगळे, माकोउ म्हणजे आम्ही, तुम्हाला सोडून. फक्त दोघांसाठी वेगळी रूपं आहेत, काउआ आणि माउआ, संस्कृतातल्या द्विवचनासारखी.

मात्र संस्कृतचं नाव काढलंच आहे तर एक सावधगिरी. दोनला लुआ, मलयमध्ये दुआ, संस्कृतात द्वि. हवाईत माना म्हणजे एक प्रकारची शक्ती, आणि आपलं मन. अशा जोड्या दिसल्या की अनेक मराठी विद्यार्थी नातं जोडायला धावतात. संस्कृतशी नातं नाही; लुआ आणि दुआ मात्र आपसात सगे आहेत. हवाईयन ऑस्ट्रोनेशियन कुळातली आहे, त्या कुळाची मुळं तैवानकडे जातात. खरी नाती बघायची तर लिमा बघा: हवाईत पाच आणि हातही, मलयमध्ये पाच.

पक्ष्यांची नावं शिकताना कान वापरा, कारण बरीच नावं त्यांच्या आवाजावरून आहेत: ’एलेपाइओ, ’आलाला, ’ओ’ओ. हे शिकवताना मला दर वेळी जड जातं. काउआ’इ बेटावरचा ’ओ’ओ नामशेष झाल्याचं अमेरिकी सरकारने २०२३ मध्ये अधिकृतपणे मान्य केलं. ’आलाला हा हवाई बेटावरचा कावळा २००२ मध्ये रानातून नाहीसा झाला आणि बंदिस्त जागेत जपला गेला. त्यांची जुनी ध्वनिमुद्रणं उपलब्ध आहेत. नाव म्हणण्याआधी ती ऐका.

भाषेवरही तशीच वेळ आली होती. १८९६ च्या कायद्याने शाळांचं माध्यम इंग्रजी झालं आणि काही पिढ्यांत घराघरातून हवाईयन ओसरली. १९७८ मध्ये राज्यघटनेने तिला अधिकृत भाषा केलं, १९८४ मध्ये काउआ’इवर पूनाना लेओ या हवाईयन माध्यमाच्या संस्थेची पहिली बालवाडी सुरू झाली. आजचे तरुण बोलणारे तिथून पुढे आलेले आहेत. त्यामुळे संगणकाला लोलोउइला, म्हणजे विजेचा मेंदू, असे नवे शब्दही तुम्हाला भेटतील. ते वापरा, बिचकू नका.

शब्दकोश मेरी कावेना पुकुइ आणि सॅम्युएल एल्बर्ट यांचा घ्या, १९८६ची आवृत्ती. तो इंटरनेटवर विनामूल्य शोधता येतो. त्यातली उदाहरणं आणि झाडांच्या नोंदी वाचा, नुसता पहिला अर्थ घेऊन पान बंद करू नका. १८३४ पासून निघालेल्या हवाईयन वर्तमानपत्रांची पानंही तिथल्या संस्थांनी उपलब्ध करून दिली आहेत, पण ती जुनी छपाई ’ओकिना आणि दीर्घ खुणांशिवाय आहे, म्हणून पहिल्या वर्षी त्यांच्या नादी लागू नका. आधी दिशा, मग वाइ-काइ, मग घराजवळची चार झाडं को’उ किंवा का’उ लावून, मग चंद्राचा एक महिना. मासे शेवटी घ्या आणि शक्यतो बाजारात उभं राहून घ्या.